नाथाजीचा टाक

गावाहून,
२० ऑगस्ट १९९५

ती. दादा,

नमस्कार आधीच धरून चाल. मी रागात आहे, आणि रागात घातलेला नमस्कार खोटा असतो.

तुला लिहितेय हे अण्णांना सांगितलेलं नाही. घरात तुझं नाव निघालं की अण्णा उठतात आणि म्हशीला पाणी दाखवायला जातात. चार वर्षं हेच चाललंय. आपली म्हैस गावात सगळ्यात जास्त पाणी पिणारी असेल.

काल भैरोबाच्या देवळात दसऱ्याची बैठक झाली. सीमोल्लंघनाला वेशीच्या चौथऱ्यावर नाथाजीचा टाक ठेवायचा नाही, असं ठरलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरला असशील असं मला वाटतं. आपल्या गावचा जो गडी लढाईत पडतो, त्याचा चांदीचा टाक घडवून घरच्या देवांत बसवतात. दसऱ्याला ते सगळे टाक पालखीबरोबर वेशीवर जातात, एकेकाचं नाव पुकारतात, आणि सोनं लुटताना आपट्याचं पहिलं पान त्या त्या घरच्या बाईच्या हातात पडतं. पहिल्या महायुद्धात इराकच्या वाळूत पडलेल्यांचे टाक आहेत, ब्रह्मदेशातल्याचा आहे, पासष्ट आणि एकाहत्तरचे आहेत. लंकेत पडलेल्या नाथाजीचा नव्हता. त्याच्या माघारी शेजारच्या अंबूवहिनी सहा वर्षं वाट बघत राहिल्या की गाव स्वतःहून काढेल विषय. गावानं काढला नाही. मग यंदा त्यांनीच सांगलीला जाऊन टाक घडवून आणला, हळदीकुंकू लावून ताटात घेतला आणि बैठकीत आणून ठेवला.

सुभेदार नानासोंनी ताटाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सूनबाई, लढाईत पडंल त्येचा टाक. ती शांतिसेना हुती. शांतीत कसली आलीया लढाई?"

कुणी तरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण त्याचं नाव लिहून पत्र खराब करणार नाही.

मी बायकांच्या बाजूला बसले होते, उभी राहिले. म्हटलं, नानासो, अकराशेच्या वर जवान लंकेतून परत आले नाहीत, ते काय सहलीला गेले होते? तर म्हणाले, "अंकिता, तू बी.ए. झालीस, लय चांगलं झालं. पुस्तकातली लढाई येगळी अस्ती." आणि अण्णा, दादा. पासष्टला स्वतः खंदकात झोपलेले आपले अण्णा. मान खाली घालून म्हणाले, "आपल्या देसासाठी न्हवतं ते. दुसऱ्याच्या भांडणात गेलं पोरगं." अंबूवहिनींच्या समोर म्हणाले हे.

वहिनींनी ताट उचललं आणि गेल्या. रडल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला तेवढंच.

शेवटी नानासोंनी एक वाट ठेवली, मेहेरबानी केल्यासारखी. जुन्या रिवाजाप्रमाणं जो गडी त्याच पलटणीत होता, ज्यानं पडताना पाहिलं, त्यानं वेशीवर उभं राहून साक्ष द्यायची: कुठं पडला, कसा पडला. मग टाक चौथऱ्यावर.

असा गडी या गावात एकच आहे. तो साताऱ्याला एका कारखान्याच्या फाटकावर उभा राहून लोकांचे डबे तपासतो.

दसऱ्याला ये.

अंकिता


सांगली,
५ सप्टेंबर १९९५

दादा,

उत्तर नाही. मला अपेक्षा नव्हती, पण पोस्टमन दिसला की मी खोलीतून खाली उतरते, हे खरं.

एम.ए.चे तास सुरू झाले. दुपारी वाचनालयात बसते आणि जाफन्याबद्दल मिळेल ते वाचते. मराठीत काही नाही. इंग्रजी चाचपडत वाचते. आपल्या शाळेतल्या नकाशात लंका म्हणजे खाली लोंबणारा एक थेंब, त्याला नावसुद्धा अर्धं लिहिलेलं. त्या थेंबाच्या डोक्यावर एक द्वीपकल्प आहे, मुख्य जमिनीला बारीकशा पट्टीनं चिकटलेलं, तिथं आपल्या गावचा माणूस मेला, आणि आपल्या शंभर घरांतल्या एकालाही बोट ठेवून ते दाखवता येत नाही. नानासोंना विचारलं तर म्हणाले, "रावणाचं राज्य, आनि काय."

रावणाचं नाही. तिथं तमिळ राजांचं राज्य होतं. पोर्तुगीज आले, त्यांनी राजाला नेलं आणि नल्लूरचं देऊळ पाडलं. मग डच, मग इंग्रज. एकानंही तिथल्या माणसाला विचारलं नाही की बाबा, तुला कोण हवं? इंग्रज गेल्यावर देशात सिंहली एकच राजभाषा ठरली, आणि पिढ्यान् पिढ्या तमिळमध्ये हिशेब करणारी, भांडणारी, पोरं निजवणारी माणसं एका कायद्यानं अडाणी झाली. एक्याऐंशी साली त्यांचं वाचनालय जाळलं. मी जिथं बसून हे वाचतेय तसलंच, याच्या कितीतरी पट मोठं. ताडपत्रांवरच्या पोथ्या होत्या, दुसरीकडं कुठं नसलेल्या. माझ्या शेजारी एक आजोबा पेपर वाचता वाचता डुलकी घेत होते. मला त्यांना उठवून सांगावंसं वाटलं.

आणि त्या तमिळांचे कैवारी म्हणवणाऱ्या बंडखोरांनी काय केलं? नव्वद साली जाफन्यातल्या मुसलमानांना काही तासांत घराबाहेर काढलं. तीही माणसं तमिळच बोलणारी, शेकडो वर्षं तिथं नांदलेली. ज्याच्या हातात बंदूक तो ठरवणार जमीन कुणाची. त्याआधी सत्त्याऐंशीला आपलं सरकार गेलं होतं शांतता घेऊन. तीही बंदुकीनंच. दादा, मला याचा इतका संताप येतो की पुस्तक मिटून नदीवर जाऊन बसते.

तू पहिल्या वर्षी लिहिलेलं एक आठवतं. इथं नदी नाही, सगळा मुलूख विहिरींवर जगतो, माती आपल्या जतकडच्यासारखी तांबडी. आणि इथं पण थोरल्या भावाला अण्णा आणि बहिणीला आक्का म्हणतात. जतच्या मावशीचं कानडी ऐकून वाढलेल्या मला तेव्हा फार मजा वाटली होती. एवढ्या लांब गेलास आणि शेजाऱ्याच्या घरात गेल्यासारखं लिहिलंस. मग एकदम तुझं लिहिणं थांबलं. नाथाजी गेला तेव्हापासून.

पलटण परतून मद्रासला उतरली तेव्हा बंदरावर स्वागताला राज्यातलं मोठं कुणी आलं नाही, असं वाचलं. तेही तू कधी बोलला नाहीस. एक्याण्णवला फौज सोडून आलास, अण्णा म्हणाले "पळून आला", आणि तू पिशवी उचलून पुढची एस.टी. धरलीस. अण्णांचं चुकलं. पण तू एक शब्द बोलला असतास तर त्यांना निदान कळलं असतं की काय चुकलं.

रविवारी मी साताऱ्याला येतेय. फाटकावर हाकललंस तरी तिथंच बसेन.

अंकिता


सांगली,
१८ सप्टेंबर १९९५

दादा,

मला फाटकात बघून तू पहिलं विचारलंस, "घरी कोन गेलं?" येताना सगळ्या वाटेत मला तेच आठवत होतं. बहीण भेटायला येते ती कुणी मेलं तरच, इतकं आपण एकमेकांना परकं करून ठेवलंय.

चहाच्या गाड्यावर तू जे सांगितलंस ते मी पुन्हा लिहून काढतेय. कुठं चुकलं तर दुरुस्त कर. माझ्या डोक्यात ते सारखं पुढंमागं होतंय.

तुमच्या चौकीजवळ कंदय्या मास्तरांचं घर होतं. म्हातारा-म्हातारी दोघंच. विहिरीचं पाणी चांगलं म्हणून तुम्ही तिथं जायचा. अंगणात द्राक्षाचा मांडव. तासगाव तालुक्यातला माणूस, मांडव दिसल्यावर नाथाजी कशाला गप्प बसतोय? वेल वाढलीय, कुणी हात लावत नाही, फुकट चाललीय, म्हणून तो तळमळायचा. आणि दसरा आला तशी त्यानं छाटणी घेतली. आपल्याकडं ऑक्टोबरात घेतात तशी, ऐटीत, काडीवरचे डोळे मोजून. मास्तर आडवे येत होते. आभाळाकडं बोट दाखवत होते, हातानं काही तरी पडल्यासारखं करत होते. नाथाजीला वाटलं, म्हातारं देवाचं नाव घेतंय.

त्यांचा पाऊस आपला गेल्यावर येतो, हे तुम्हा दोघांना माहीत नव्हतं. आपल्या दिवाळीनंतर तिथं आभाळ फाटतं. कोवळी फूट, नुकता आलेला फुलोरा, सगळं महिनाभर पावसात कुजलं. वेलीवर डावणीची बुरशी पडली. पानं करपली. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. म्हातारी तुम्हाला तांब्या आणून द्यायची, पण मास्तर बाहेर यायचे बंद झाले. तू म्हणालास, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, गं."

नाथाजीनं ते मनावर घेतलं. तू जानेवारीत रजेवर आलास तेव्हा अंबूवहिनींनी तुझ्याजवळ डावणीवर मारायचा निळा मोरचूद दिला, तासगावच्या दुकानातला, फडक्यात बांधून. नवऱ्यानं मागवलाय एवढंच त्यांना ठाऊक. तो मोरचूद आणि चुना घेऊन सुट्टीच्या सकाळी, कुणाला न विचारता, नाथाजी मास्तरांच्या घराकडं निघाला. जवळची बोळ धरली. तिथं सुरुंग होता. तू धावलास तेव्हा त्याच्या अंगावर, मातीवर, तुझ्या हातांवर सगळीकडं निळं झालं होतं. मास्तर घरातून आले. आपलं पांढरं धोतर सोडून आणलं होतं. ते त्याच्यावर घातलं आणि तिथंच खाली बसले.

आणि तू म्हणालास, "आता सांग, ह्येची साक्ष दिऊ वेशीवर? नानासो काय म्हनंल? वेलीपायी मेला म्हनंल. आनि वहिनीला काय वाटंल? तिच्याच हातचा मोरचूद."

म्हणून तू सहा वर्षं गप्प. तेव्हा मी चहाचे पैसे देऊन गाडीला धावले. आता बोलतेय, आणि ते तुला आवडणार नाही.

वहिनीला काय सोसेल आणि काय नाही, हे ठरवणारा तू कोण? त्या बाईनं एकटीनं दोन एकर बाग उभी केलीय. तिच्या बागेची द्राक्षं दुबईला जातात. तिला न विचारता तू तिच्यासाठी ठरवलंस की हिला खरं नको. नाथाजीनंही मास्तरांना न विचारताच कात्री घातली होती. त्याची माया खरी होती, तुझीही खरी आहे. पण ज्याची वेल त्याला विचारायला आपल्या माणसांची जीभ का जड होते?

मी वहिनींना काहीही सांगितलेलं नाही, सांगणार नाही. ते तुझं काम आहे. आणि हो, मी तुला दसऱ्याला ये म्हणून हुकूम सोडत होते तेव्हा मीही तुला काही विचारलं नव्हतं, हे एस.टी.त कऱ्हाड यायच्या आत माझ्या लक्षात आलं. म्हणून आता विचारते. येशील का?

अंकिता


गावाहून,
घटस्थापनेनंतरचा रविवार

दादा,

चार ओळीच. घरी आलेय.

काल अण्णा अंबूवहिनींच्या दारावरून जात होते. वहिनी टाक घासत बसल्या होत्या. अण्णा थांबले, बघितलं, म्हणाले, "नाक नीट आलं न्हाई. नाथाचं नाक मोठं हुतं." वहिनी म्हणाल्या, "सोनाराला कुठं दावू, मामंजी, नाक? फोटूत बी टोपीची सावली हाय." अण्णा उगाच खाकरले आणि पुढं गेले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "ते येतंय का?" कोण, ते नाही म्हणाले. म्हशीकडंही गेले नाहीत.

 तुला काही सांगत नाही. झालेलं फक्त कळवलं.

अंकिता


गावाहून,
दसऱ्याचा दुसरा दिवस

दादा,

तू आला होतास.

आला होतास आणि घरी आला नाहीस. अंबूवहिनींच्या अंगणातून आपलं दार दिसतं. आई तेव्हा दारात सडा घालत असणार. तू पहिल्या गाडीनं आलास, वहिनींशी बोललास आणि त्याच गाडीनं परत फिरलास. मला हे कधी कळलं? वेशीवर, सगळ्या गावासमोर. माझी अवस्था काय झाली असेल त्याची कल्पना कर. मी संध्याकाळपर्यंत एस.टी.च्या रस्त्याकडं बघून मान अवघडून घेतली होती.

आता ऐक. तू तिथं नव्हतास म्हणून सांगते, नाही तर तुझ्याशी बोलणार नव्हते.

पालखी वेशीवर आली. चौथऱ्यावर सगळे टाक मांडले. वहिनी ताट घेऊन कडेला उभ्या होत्या. नानासोंनी इकडंतिकडं बघितलं, म्हणाले, "साक्षीदार कुठं हाय?" अण्णांची मान खाली. मी पुढं जायला निघाले, तर वहिनींनी मला दंडाला धरून मागं केलं आणि स्वतः चौथऱ्यासमोर गेल्या. बाई साक्ष द्यायला उभी राहिल्याचं गावात कुणी पाहिलेलं नाही. पालखीचे भोई एकमेकांकडं बघायला लागले.

"जयराज सकाळी सांगून गेला. त्येनं बघितलं ते म्या ऐकलं. आता म्या सांगते."

आणि सांगितलं, दादा. छाटणी सांगितली. तिथला पाऊस सांगितला. डावणी म्हटल्यावर सगळे बागायतदार एकदम कान देऊन उभे राहिले, एक जण मागून हळूच म्हणाला, "आरारा, फुलोऱ्यात पाऊस." लढाईच्या नावानं हसलेला तोच हा माणूस. मग वहिनी म्हणाल्या, "त्येनं दुसऱ्याची वेल नासवली हुती. ती नीट कराय निगाला हुता. मोरचूद म्या दिला हुता, ह्या हातानं. वाटंत पडला. ही साक्ष."

नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पन सूनबाई, ही लढाई न्हवं की."

वहिनींचा आवाज चढला नाही. "आवं, तुमीच म्हनला न्हवं का, ती शांतिसेना हुती म्हून? मग त्या समद्या सेनेत शांतीचं काम करताना कोन पडला, सांगा की. माझ्याच मालकाचं नाव मला ठावं हाय. दुसरं कुनाचं ठावं असलं तर त्येचा बी टाक मांडा."

नानासो चौथऱ्याच्या वाटेत आडवे उभे राहिले ते हललेच नाहीत. वाईट माणूस नाही तो. त्याच्याही दोन मित्रांचे टाक त्या चौथऱ्यावर आहेत, आणि त्याला वाटत होतं त्यांची जागा कमी होईल. मला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

आणि मग आपले अण्णा. टाचा जुळवल्या. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकलेला नाही; परेडवरचा असावा. "शिपाई नाथाजी!" म्हणून पुकारलं, असं की झाडावरचे बगळे उडाले. नानासोंना हातानं बाजूला केलं नाही, फक्त त्यांच्याकडं बघत राहिले. नानासो आपणहून एक पाऊल सरकले. वहिनींनी टाक ठेवला, कडेला, शेवटी. आपट्याचं पहिलं पान त्यांच्या हातात अण्णांनी दिलं.

देताना अण्णा काय म्हणाले ते फक्त मी ऐकलं. "दुसऱ्याच्या भांडनात गेला म्हनलो हुतो. चुकलं, पोरी."

हे तू ऐकायला हवं होतंस. तू तेव्हा साताऱ्याला फाटकावर डबे तपासत असशील.

अंकिता


गावाहून,
५ नोव्हेंबर १९९५

दादा,

रेडिओवर ऐकलंस का? जाफना रिकामं झालं. लंकेची फौज चालून येतेय म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी अख्खं शहर पायी निघालं, लाखो माणसं, एका अरुंद रस्त्यानं, पावसात. त्यांच्या पावसात. कुणी निघायला लावलं, कुणी निघाले, कुणी वाटेत बसले, काही कळत नाही. आपल्याकडं ही बातमी एका ओळीत संपली आणि पुढं क्रिकेट.

मी ओरडलेच. आई म्हणाली, रेडिओवर काय ओरडतीस, त्येला ऐकू येतंय व्हय?

आपल्याकडं छाटण्या संपत आल्यात. अंबूवहिनींच्या बागेत गेले, त्यांना सांगितलं. त्यांच्या हातातली कात्री थांबली. म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्यास्नी कोन घिऊन गेलं आसंल? त्येंच्याच्यानं चालवंल का?" मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाल्या, "त्येंच्या वेलीला यंदा कुनी हात लावला नसंल तर बरं."

रात्रीचा स्वयंपाक टाकून त्या आपल्या घरी आल्या आणि मला म्हणाल्या, पत्र लिही. मास्तरांना. मी सांगितलं, तिकडं टपाल जात नाही, मी तासगावच्या पोस्टात विचारून आलेय. म्हणाल्या, जात न्हाई ते त्येंचं, लिहायचं ते आपलं. अण्णा ओट्यावर ऐकत होते. उठले आणि कंदिलाची काच पुसून माझ्याजवळ ठेवली. लाइट होती, तरी.

पत्र मी इंग्रजीत केलंय, मास्तरांना इंग्रजी येत होतं असं तू म्हणालास. वहिनींनी सांगितलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही: 'आमच्या माणसानं तुमचं ऐकलं नाही. त्याला तुमचा पाऊस माहीत नव्हता. तुम्ही त्याच्या अंगावर धोतर घातलंत ते मला कळलं. वेल परत फुटली का? तुम्ही जिथं असाल तिथून कळवा. अंबूबाई.'

मी इतकं वाचलंय, दादा. पोर्तुगीजांपासून आपल्यापर्यंत. एवढे सगळे त्या जमिनीवर आले आणि गेले, आणि तिथल्या कुणा एकाची कुणी माफी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. अंबूवहिनी सही करायला शिकल्यात. खाली त्यांनी ती केलीय.

पाकीट तयार आहे. त्यावर पत्ता घालायचा राहिलाय. त्या बोळीचं नाव, त्या घराची खूण आपल्यापैकी फक्त तुला माहीत आहे. पत्रानं कळवू नकोस, मी ते उतरवून घेणार नाही. पाकीट अण्णांच्या उशाशी ठेवलंय, पेनही. येऊन स्वतःच्या हातानं घाल.

अण्णा म्हणतात, पत्र परत आलं तर आलं. पण परत यायलासुद्धा आधी निघायला तर पाहिजे.

अंकिता